सँडी लेडलॉची शीळ

उद्या तुम्ही तिघं कॉर्बी लॉच्या डोंगरावर रोपं लावायला चढणार, म्हणून सांगतोय. नाहीतर ही गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही. फिनले, हसू नकोस. सूप घे अजून, तळाशी मटण राहिलंय. आणि मॉर्व्हन, तो पडदा ओढ. पूर्ण ओढ. मला त्या खिडकीतून डोंगर दिसलेला चालत नाही रात्रीचा.

संध्याकाळी तू विचारलंस, वरती हेदरच्या झुडपांत तो गोल दगडी भिंतीचा वाडा कसला, आणि मी विषय बदलला. तो मेंढवाडा आहे. वादळात मेंढरं कोंडायचा. छप्पर नाही, दार एकच. मी चाळीस वर्षं त्या डोंगरावर मेंढरांमागं पाय झिजवलेत, त्यामुळं मला त्याचा दगड न् दगड ठाऊक आहे. तरी आता मी तिकडं जात नाही.

हे घडलं माझ्या शेजाऱ्याच्या बाबतीत. रॉब टेल्फर. पलीकडं ते बंद घर दिसतं ना, तिथं राहायचा. पस्तिशीचा गडी, अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्यानं याच टेबलाशी मला सांगितलं. त्यातला शब्द मी पदरचा घालत नाही.

तारीख एकोणतीस नोव्हेंबर. गेल्याच्या आदल्या वर्षीची. शुक्रवार होता आणि अमावास्या दोन दिवसांवर. डोंगर तेव्हाच विकला गेला होता, झाडं लावायला. आदल्या दिवशी मार्टिनमास, इथले जमिनीचे करार संपायचा दिवस, म्हणजे रॉबची मुदत संपलेली. मेंढरं ट्रकांत चढून गेली, घरातलं सामान व्हॅनमध्ये चढलं. राहिल्या फक्त माथ्यावरच्या पाच-सहा म्हाताऱ्या मेंढ्या. आमच्या मेंढरांचं तसंच असतं. त्यांना कुंपण लागत नाही. आईनं जो उतार दाखवला तो ती मरेपर्यंत सोडत नाहीत, आणि सोडवायला गेलं की लपून बसतात.

रॉब दुपारी बूट चढवायला लागला तशी त्याची बायको दारात आडवी उभी राहिली. एल्स्पेथ. आठवा महिना चालू होता तिला.

“राहू देत की त्या थेरड्या वर,” ती म्हणाली. “सासरच्या आहेत का तुझ्या?”

“सासरच्या असत्या तर सोडल्या असत्या.”

“रॉब, चेष्टा नको.”

“अगं, चहा उकळेपर्यंत येतो.”

“तुझा चहा मला माहितेय. गेल्या खेपेला उकळायला अख्खी दुपार लागली.” मग तिनं त्याची बाही धरली. ती धरताना मी पाहिली, मी फाटकापाशीच होतो. “हे बघ, सकाळी आपण इथून निघायचंय. मला हे बाळ या डोंगराखाली वाढवायचं नाहीये. सँडीचं मढं चौघांनी दाराच्या फळीवर घालून खाली आणलं, तसा तू मला नकोयस. अंधाराच्या आत खाली ये. शपथ घे.”

“आलोच,” तो म्हणाला. शपथ काही घेतली नाही.

माझ्याजवळून जाताना त्याच्या पायाशी फ्लाय होती. काळीपांढरी कुत्री, एक कान पडलेला. अशी कुत्री या खोऱ्यात दुसरी नव्हती. मी म्हटलं, “कुत्री नेतोयस?”

“मग काय मेंढ्या दातांनी ओढून आणू?”

“ने. पण शीळ तुझी घाल.”

“वॉटी, म्हाताऱ्या, तुला भुतं दिसायला लागली. व्हिस्की बदल.” आणि हसत चढायला लागला.

आता हे नीट ऐका, सगळं यातच आहे. फ्लाय मूळची सँडी लेडलॉची. सँडी म्हणजे त्या डोंगराचा जुना मेंढपाळ, रॉब धंदा शिकला तो त्याच्याच हाताखाली. आता, प्रत्येक मेंढपाळाची शीळ वेगळी असते. डावीकडून फिर, उजवीकडून फिर, पड, पुढं हो... एकेक हुकमाची एकेक शीळ, आणि एकाच्या शिळेवर दुसऱ्याचा कुत्रा हलत नाही. मेंढपाळ मेला की त्याची शीळ त्याच्याबरोबर गेली. नव्या धन्यानं त्या कुत्र्याला आपली शिकवायची, पहिल्यापासून. अख्खा हिवाळा जातो त्यात. पण तेवढा दम कुणाला? सप्टेंबरात कुत्र्यांच्या मेंढरं वळवायच्या शर्यती होत्या आणि रॉबला तो चांदीचा पेला हवा होता. त्यानं सोपी वाट धरली. कुत्रीला बदलायचं सोडून स्वतःच सँडीची शीळ शिकला. हुबेहूब. सँडीचा पुढचा दात पडलेला होता, त्यामुळं त्याची शीळ शेवटाला जराशी मोडायची. रॉबनं ती मोडसुद्धा उचलली. पेलाही जिंकला. त्या दिवशी मैदानावर ती शीळ घुमली तेव्हा आम्ही चार म्हातारे टोप्या हातात घेऊन जमिनीकडं बघत उभे होतो.

आणि सँडी मेला कुठं? त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मेंढवाड्याच्या दारात. बर्फात मेंढरं गोळा करताना छातीत कळ आली असणार. भिंतीला टेकून बसलेला सापडला. दोन बोटं ओठांशी होती, शीळ घालायला नेतात तशी. फ्लाय समोर पडून हुकमाची वाट बघत होती. एवढं असूनही रॉबनं ती शीळ त्याच डोंगरावर घातली.

तर रॉब चढला. तुम्हाला माहितेय ती वाट, ओढ्यापर्यंत बरी आहे. पुढं हेदर मांडीला लागते. नोव्हेंबरात ती तपकिरी, ओली. पाय टाकावा तिथं खाली दगड असतो नाहीतर खड्डा असतो नाहीतर चिखल. चढ काही सरत नाही. माथा आला म्हणावं तर पुढं दुसरा माथा. साडेतीनला सूर्य गेलाच. त्याला वाटलं, अजून अर्धा तास उजेड पुरेल. मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या दिसल्या, मग तो अजून थोडा वर गेला. मग अजून थोडा.

धुकं वरून उतरलं. आधी माथा गेला, मग वाट, मग त्याच्या स्वतःच्या हातातली काठी पुढच्या टोकाला दिसेना. पण त्या डोंगरावर डोळे बांधून फिरणारा गडी तो, घाबरला नाही. तोंडात दोन बोटं घातली आणि फ्लायला शीळ दिली. उजवीकडून फिर.

फ्लाय गेली. हेदरमधून तिचं सळसळत जाणं ऐकू आलं.

मग वरून शीळ आली. तीच. शेवटाला मोडलेली.

घुमली असेल कड्यावर, असं त्याला वाटलं. वाटणारच. पण घुमून आलेली शीळ आपण घातली तीच असते ना? यानं घातली होती उजवीकडची. वरून आली ती डावीकडची.

आणि सळसळ थांबली. वळली. डावीकडं गेली.

“फ्लाय!” त्यानं हाक मारली. काही नाही. त्यानं ‘पड’ची शीळ घातली, अगदी जोरात. वरून लगेच दुसरी आली... ‘पुढं हो’.

कोण चेष्टा करतंय? शेजारच्या खोऱ्यातलं कुणी? त्यानं शिव्या हासडल्या. रॉबच्या शिव्या म्हणजे कावळेसुद्धा उडायचे. त्या धुक्यात विरल्या. कुणाचं हसणं नाही. लांब कुठं तरी ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

त्यानं ठरवलं, मेंढ्या गेल्या खड्ड्यात, खाली जायचं. वळला.

खालच्या बाजूला फ्लाय होती.

पोट जमिनीला. मान पुढं. डोळे त्याच्यावर.

तुम्ही मेंढीकडं बघणारी कुत्री पाहिलीत का कधी? पापणी हलत नाही. त्या नजरेनं मेंढी जागची हलते, चावायची गरज पडत नाही. रॉबनं ती नजर हजार वेळा पाहिली होती. पण मागून. कुत्रीच्या मागं उभं राहून.

“फ्लाय... अगं, मी आहे.”

तो एक पाऊल डावीकडं सरकला. ती डावीकडं आली. उजवीकडं सरकला. उजवीकडं आली. खाली पाऊल टाकलं. ती उठली नाही. नुसती पुढं सरपटली. हातभर.

वरून शीळ. हळू. लांब. ‘सावकाश पुढं घे.’

तो मागं हटला. म्हणजे वर. ती पुढं आली. तो अजून हटला. काठी उगारली त्यानं, स्वतःच्या कुत्रीवर, जिला तो आपल्या ताटातलं खाऊ घालायचा. ती बाजूला झाली, मागून आली, आणि पोटरीला दात लावला. रक्त नाही काढलं. अडेल मेंढीला लावतात तेवढाच लावला.

मग तो चढायला लागला. मला हे सांगताना त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. म्हणाला, “वॉटी, लाज वाटते रे, पण एकदा चढायला लागलो ना... बरं वाटलं. कुठं जायचं ते कुणीतरी ठरवलंय, असं.”

हेदर संपली. पायाखाली तुडवलेलं गवत लागलं. हाताला दगड. भिंत. भिंतीला धरून तो गोल फिरला. आणि एके ठिकाणी भिंत नव्हती.

शीळ आली. आता वरून नाही... शेजारून. दाराच्या कडेच्या दगडापाशी. माणूस बसला तर त्याचं तोंड जेवढ्या उंचीवर येईल, तेवढ्या उंचीवरून.

तो आत गेला.

आत मेंढ्या होत्या. त्या सगळ्या म्हाताऱ्या. दिसत नव्हत्या, पण ओल्या लोकरीचा वास आणि ऊबदार श्वास. त्याला बघून एकही उधळली नाही. माणूस आत आल्यावर मेंढ्या भिंतीवर चढायला बघतात. या नुसत्या सरकल्या... आणि मधे जागा केली.

फ्लाय दारात आडवी पडली. तोंड आत.

इकडं खाली एल्स्पेथ दारात उभी. अंधार पडला तरी ती फारशी घाबरली नव्हती, कारण वरून शीळ ऐकू येत होती. म्हटलं, काम चालू आहे. जेवायची वेळ टळली. शीळ चालूच. तेव्हा मात्र तिनं मला फोन केला. मी गेलो तर ती तशीच दारात, शालीत गुंडाळलेली, थंडीनं ओठ निळे.

“वॉटी, या धुक्यात, या काळोखात... काय गोळा करतोय हा?”

मलाही ऐकू येत होती ती. बचावपथकाला फोन लावला. ते म्हणाले, एवढ्या धुक्यात माणसं चढवता येत नाहीत, उजाडलं की येतो. मी ओढ्यापर्यंत कंदील घेऊन गेलो, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग शीळ बंद झाली, आणि ती बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली.

उजाडता उजाडता रॉब आपल्या पायांनी खाली आला. मागं फ्लाय, शेपूट हलवत, काही झालंच नाही अशी. मेंढ्या आणल्या नव्हत्या. एल्स्पेथनं त्याच्या दोन थोबाडीत मारल्या आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. रात्रभर थंडीत उभी राहून तिच्या पोटात कळा यायला लागल्या होत्या. नर्स आली, तपासलं, म्हणाली, आजचा दिवस हलायचं नाही, आडवं पडून राहायचं. म्हणून निघणं एक दिवस लांबलं. एक दिवस, पोरांनो.

तिला झोप लागल्यावर तो माझ्याकडं आला आणि हे सगळं बोलला. मी विचारलं, “रात्रभर शीळ तू घालत होतास का?”

“तोंड सुकून लाकूड झालं होतं. पहिल्या दोन-तीन सोडल्या तर एक नाही घातली.”

“मग सुटलास कसा?”

तो पहिल्यांदा जरा हसला. काम संपलं की आम्ही कुत्र्याला म्हणतो, “झालं, बस!” ते ऐकल्याशिवाय चांगला कुत्रा काम सोडत नाही, जीव गेला तरी. रॉब म्हणाला, “मला पहाटे आठवलं, सँडीला ते म्हणायला वेळच मिळाला नाही. काम अर्धं राहिलं त्याचं. म्हणून मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, झालं, सँडी! बस! आणि फ्लाय उठली, माझा हात चाटला. संपलं, वॉटी. मिटलं.”

मी त्याला तोंडावर सांगितलं, “रॉब, ते शब्द धन्यानं म्हणायचे असतात. तू त्या रात्री धनी नव्हतास. मेंढरानं ‘बस’ म्हटलं तर काम थांबतं का?”

त्याचा चेहरा उतरला. “मग कुत्री का उठली?”

“उजाडलं म्हणून. दिवसा वाडा उघडतातच.”

तो दिवसभर घरात एका जागी बसेना. एल्स्पेथ सांगत होती, खिडकीकडं पाठ करेना, खोलीच्या मधे उभा राहीना. भिंतीच्या कडेकडेनं चालायचा. कोपऱ्यात जाऊन थांबायचा, परत निघायचा. तिनं डोकं दाबून दिलं तर डोळे मिटेना. “उद्या या वेळेला आपण गावात असू,” ती म्हणत राहिली. “आपल्या नव्या घराखाली चिप्सचं दुकान आहे. वास येईल रोज.” तो हो हो म्हणायचा आणि उठून फिरायचा.

फ्लाय त्यानं मला देऊन टाकली. मी तिला दोरानं माझ्या मनगटाला बांधून झोपलो. म्हातारा घाबरला म्हणा. घाबरलोच होतो.

रात्रीतून बर्फ पडला. फार नाही, बुटाचा तळ बुडेल एवढा. रविवारी सकाळी फटफटायच्या आधी त्यांनी व्हॅन चालू केली. एल्स्पेथ गाडी चालवायला बसली, पोट सांभाळत. दिवे लागले. मी फाटक उघडून धरलं होतं, दुसऱ्या हाताला फ्लाय, तशीच बांधलेली. रॉब शेवटचं म्हणून स्वयंपाकघरातली किटली घेऊन बाहेर आला.

व्हॅनच्या दारापाशी पोचला. हात दाराला लावला.

आणि थांबला.

मान वळवली. डोंगराकडं.

मला काही ऐकू आलं नाही. एल्स्पेथलाही नाही. फ्लायनं तर कानही हलवला नाही, आणि त्या शिळेवर ती झोपेतून उठली असती.

त्यानं किटली बर्फात ठेवली. हळू, सांडू नये अशी. रिकामी होती.

“रॉब,” एल्स्पेथ म्हणाली. “गाडीत बस.”

तो चालायला लागला.

“रॉब! बाळ आहे रे... रॉब!”

त्यानं एकदा मागं पाहिलं. त्या बघण्यात ओळख नव्हती. मी अजूनही स्वप्नात तेच बघतो. तो पळाला नाही. नुसता चालत गेला, जरा लगबगीनं, दोन पावलं डावीकडं, दोन उजवीकडं, परत सरळ. मी मागं धावलो. पण हे गुडघे... आणि फ्लाय जमिनीला चिकटून बसली, थरथरत, ओढली तरी हलेना. धुकं खाली आलंच होतं. ते त्याच्यामागं मिटलं.

पोलीस आले, बचावपथक आलं, हेलिकॉप्टर आलं. तीन आठवडे शोधलं. ओढा शोधला, दलदलीत काठ्या घातल्या. रॉब सापडला नाही. आजवर नाही. त्या म्हाताऱ्या मेंढ्याही नाहीत. एल्स्पेथला जानेवारीत मुलगा झाला. ती गावात असते, तिथं खाली चिप्सचं दुकान आहे. इकडं पाय टाकत नाही, आणि मी तिला एक गोष्ट सांगितलेली नाही. पोलिसांना दाखवली, त्यांनी फोटो काढले, कागदात घातले, पुढं काही बोलले नाहीत. तिला मात्र कुणीच नाही सांगितली.

बर्फात त्याच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. धुकं उठल्यावर फ्लायही उठली, आणि त्या सकाळी सगळ्यात आधी त्यांच्यामागून मीच गेलो. ओढ्यापर्यंत नुसते बूट. ओढ्यापलीकडं, बुटांच्या मागं, दुसरे ठसे सुरू झाले. कुठून आले ते नाही कळत... मधूनच सुरू झाले. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, बुटांच्या मागं, सारखे. वर मेंढवाड्याच्या दारापर्यंत. आत बर्फ कोरा होता.

कुत्र्याचे पाय ते. मी चाळीस वर्षं बघतोय, चुकणार नाही.

आणि फ्लाय माझ्या मनगटाला बांधलेली होती.